काथ्याची गादी

१

माझा धाकटा भाऊ नासोरो मासे पाळतो. खायचे नव्हेत, बघायचे. आमच्या रुफिजी नदीच्या मुलखात मासा म्हटला की माणसाला आधी कढई आठवते, त्यामुळे बाजारात त्याची टिंगल व्हायची ती मलाच ऐकावी लागायची. "काय सिवेमा, तुझ्या भाचरांना दात आले का?" असं विचारायचे. मीही हसून घ्यायचे. नासोरोची बायको मात्र हसली नाही. पीठ चाळायच्या चाळणीत तिला एके सकाळी डासांच्या अळ्या वळवळताना दिसल्या. ती माहेरी गेली आणि परत आली नाही.

मी तिला कधी दोष दिला नाही. मला स्वतःला त्या खोलीची किळस होती. काचेच्या सहा पेट्या, आडवे कापलेले तेलाचे पिवळे डबे, बादल्या, आणि त्या सगळ्यात बोटाच्या दोन पेरांएवढे लाल शेपटीचे मासे. दिसायला देखणे, नाही म्हणत नाही. पण त्यांना घालायचे काय, तर अळ्या, चिरलेली गांडुळं आणि गाईचं काळीज. ते काळीज एकदा त्याने माझ्या नारळाच्या खवणीवर किसलं. दात्यांत अडकलेले लाल तुकडे मला दुसऱ्या दिवशी भातासाठी नारळ खवताना दिसले. त्यावरून आमचं असं वाजलं की पुढे महिनाभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

हा अबोला लक्षात ठेवा. तो नसता तर पुढचं काही झालं नसतं.

२

हे मासे पावसाळ्यात रस्त्याकडेच्या डबक्यांत होतात. डबकं आटलं की सगळे मरतात, पण त्यांची अंडी चिखलात तशीच राहतात आणि पुढच्या पावसात फुटतात. नासोरो घरात तेच करायचा. चिखलाऐवजी काथ्या. भांड्याच्या तळाशी नारळाच्या काथ्याचा भुसा घालायचा, नर-मादी त्यात शिरून अंडी घालायची. मग तो भुसा पिळून गोणपाटावर पसरायचा, चुरगळलेल्या तंबाखूइतका ओलसर झाला की पिशवीत बांधायचा, वर तारीख लिहायची आणि तीन महिने कपाटात. नंतर पाणी ओतलं की दोन तासांत पिल्लं.

आई त्याच्या खोलीच्या शेजारच्याच खोलीत होती. दोन वर्षांपूर्वी तिची उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण कळायचं. दोरीची खाट आणि तिच्यावर काथ्याची गादी, दिवसभर तेवढंच तिचं जग. नवरा वारल्यावर मी माहेरी राहायला आले होते, त्यामुळे तिचं सगळं माझ्याकडे. वीस वर्षं मी इथल्या दवाखान्यात जखमा धुण्याचं आणि पट्ट्या बांधण्याचं काम केलं आहे. घाणीला मी भीत नाही. पण घाण निराळी आणि किळस निराळी, हे मला त्या वर्षी कळलं.

नासोरो आईच्या खोलीत येत नसे. वास सहन होत नाही म्हणायचा. अळ्या पाळणाऱ्या माणसाला आईचा वास सहन होत नाही! आई मात्र मी भरवायला बसले की रोज विचारायची, "नासोरो... जेवला?"

"जेवला. मासेही जेवले. आता तू जेव," मी म्हणायचे आणि पेजेचा चमचा जरा जोरात तिच्या तोंडात घालायचे. नंतर वाईट वाटायचं.

जूनमध्ये आईच्या कमरेखाली गादीला खड्डा पडला. असा खड्डा माणसाला काय करतो ते मी पाहिलेलं आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीला काथ्याच्या भुशाची एक गोणी टेकलेली दिसली. शेजारच्या चाउसिकूचा, आम्ही तिला मानाने बी चाउसिकू म्हणतो तिचा, नवरा काथ्याचे दोर वळतो, त्याने पाठवली असेल असं मी धरून चालले. भुसा किंचित ओलसर होता. उन्हात टाकायला हवा होता, मी कंटाळा केला. गादी उसवली, खड्डा भरला, शिवून टाकली. संध्याकाळी नासोरो अंगणात काहीतरी शोधत फिरत होता. त्याने मला विचारलं नाही आणि मीही त्याला विचारलं नाही.

३

जुलैत आईच्या कमरेला जखम झालीच. नाण्याएवढी, मग वाटीएवढी. मी दिवसातून दोनदा धुवायचे, कूस बदलायचे.

अशा जखमेला वास असतो. तो वास मला झोपेतही ओळखू येईल. या जखमेला तो नव्हता. ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी मी पट्टी काढली आणि थांबले. खोलीत पावसाळी डबक्याचा वास होता. शेवाळ, चिखल आणि ऊन यांचा मिळून जो गोडसर, किंचित कुजका वास येतो तो. बाहेर तर आमच्याकडचा कोरडा हंगाम, तीन महिने थेंब पडला नव्हता, रस्त्यावरची धूळ भांड्यांवर बसत होती. मी खाटेखाली वाकून पाहिलं, कोपरे पाहिले. मग नाक जखमेजवळ नेलं. वास तिथून येत होता.

जखमेच्या कडा स्वच्छ होत्या. पू नाही, काळेपणा नाही. कोणीतरी बारीक तोंडाने चाटूनपुसून ठेवल्यासारख्या. बरं वाटायला हवं होतं. पण मी नवी पट्टी तिकडे न बघता बांधली.

त्याच दुपारी मी आवाजही पहिल्यांदा ऐकला. आमच्याकडे दुपारी दोनच्या सुमारास पत्रा तापतो आणि सगळं गाव मुकं होतं. मी चटईवर बसून भाजी निवडत होते. गादीतून आवाज आला. चट्. बराच वेळ काही नाही. पुन्हा चट्, चट्. काथ्या वाळला की असा वाजतो, मी मनाशी म्हटलं. मग हात गादीखाली घातला. काथ्या वाळलेला नव्हता. तीन महिन्यांच्या कोरड्या हवेनंतर तो तसाच ओलसर होता आणि हाताला कोमट लागत होता.

आईचं अंग उष्ण, घाम येतो, कधी कपडे ओले होतात, मग गादी ओली राहणारच. सगळ्याला कारण होतं. मी हात तीन वेळा साबणाने धुतला.

४

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जखम धुताना कडेला एक दाणा दिसला. रव्याचा असतो तेवढा, पाण्यासारखा स्वच्छ. पेज सांडली असेल म्हणून मी चिमट्याने उचलला. तो सहजी निघाला नाही. कातडीने तो जरासा धरून ठेवला होता, निघाला तेव्हा मागे एवढीशी खळी राहिली. बोटांत दाबला. फुटेना. नखाने दाबला तर नखाखालून घरंगळला.

दुसऱ्या दिवशी तसे सात होते.

मी वीस वर्षांत जखमेत किडे पाहिलेत, रॉकेल ओतून काढलेत, हात न थरथरता. हे पाहून माझ्या दातांवर साय आल्यासारखं झालं. जीभ कुठे ठेवावी ते कळेना. एक दाणा पानाच्या तुकड्यावर घेतला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा नासोरोच्या खोलीत आपणहून गेले.

तो पेट्या पुसत होता. मी पान पुढे केलं. "हे काय आहे बघ."

त्याने भिंग काढलं, पान उजेडात धरलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

"ताई! कुठे मिळालं हे?"

"आधी काय आहे ते सांग."

"अंडं आहे. तयार अंडं. हे बघ, डोळे आलेत, भोवती सोनेरी कडं. असे डोळे आले की आतलं पिल्लू तुझ्याकडे बघतं. मग फक्त पाणी द्यायचं." मग तो थांबला. "जूनमध्ये माझी एक गोणी हरवली होती. भिंतीला टेकवलेली, पिशवीत बांधायची राहिलेली."

मी जमिनीवर बसले. मी सांगितलं, गादीचं आणि जखमेचं. सांगताना वाटत होतं की तो ओरडेल, निदान तोंड तरी वाकडं करेल. त्याने भिंग खिशात घातलं आणि मला ओलांडून आईच्या खोलीत गेला. किती महिन्यांनी गेला ते आईच सांगू शकली असती.

५

मी दारात उभी होते. आईला त्याने हलकेच कुशीवर केलं. इतकं हलकेच मीही करत नाही. गाऊन वर सरकवला, पाठीजवळ स्टूल ओढलं, भिंग लावलं आणि बघत राहिला.

"उचलूया तिला," मी म्हणाले. "गादी जाळते. आत्ताच्या आत्ता."

"ताई, हलवू नकोस तिला."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आई आहे ती तुझी, डबकं नाही."

"मी त्या गोणीत दोनशे धरली होती," तो पुटपुटला. माझ्याशी बोलत नव्हता. "फार तर अडीचशे. इथे तर..." त्याने बोटाने मोजायला सुरुवात केली, कमरेपासून वर, आणि मध्येच सोडून दिलं. "ती तिला काही करत नाहीत, ताई. जखम किती स्वच्छ आहे, तूच सांग. दवाखान्यात होतीस ना?"

तेवढ्यात आई म्हणाली, "नासोरो?"

"हो गं आई. मीच आहे."

आईचा डावा हात चादरीवरून सरकत मागे आला, त्याचा गुडघा सापडेपर्यंत. मग तिथेच राहिला.

त्या दिवसापासून तो दिवसातून तीनदा यायचा. सकाळी, दुपारी आणि दिवे लागायच्या आधी. तिच्या पाठीशी बसायचा, भिंगातून बघायचा आणि बोलायचा. डबकी, नदीचं पाणी, लहानपणी बापाबरोबर टोपलीने मासे धरले होते ते. ही अंडी एका पावसात सगळी फुटत नाहीत, हेही त्याने तिलाच सांगितलं. पहिल्या पाण्याला थोडी, दुसऱ्याला थोडी, काही तर वर्षानुवर्षं वाट बघतात. "म्हणजे एखादा पाऊस फसवा निघाला तरी वंश राहतो," तो म्हणायचा. आई मन लावून ऐकायची. तिला रंग आला. ती पेज पूर्ण प्यायला लागली. नासोरो जेवला का, हे तिने मला विचारणं बंद केलं, कारण तो आता तिथेच, तिच्या पाठीमागे बसून जेवायचा. त्या पाठीसमोर बसून उगालीचे, म्हणजे शिजवलेल्या मक्याच्या पिठाचे, गोळे करून तोंडात टाकायचा. मला त्याच्याकडे बघवायचं नाही.

मी पट्टी बांधणं सोडलं होतं. त्यानेच सांगितलं होतं, हवा लागू दे. मी पाठीकडे न बघता तिचं बाकीचं सगळं करायला शिकले. खरं सांगायचं तर मला मत्सर वाटत होता. दोन वर्षं तिचं अंग मी धुतलं आणि तिच्या तोंडावर हसू त्याच्या भिंगाने आणलं.

६

गुरुवारी त्याने पावसाच्या साठवणीतल्या पाण्याच्या दोन बादल्या आईच्या खोलीत आणून ठेवल्या. वर ओलं फडकं, पाणी गार राहावं म्हणून.

"उद्या जुम्म्याची नमाज झाली की," तो म्हणाला. "दोन्ही बादल्या एकदम. एक युक्ती आहे, गार पाणी आणि भरपूर, म्हणजे मागे राहणारीसुद्धा फसतात, जवळजवळ सगळी एका दमात निघतात. खाली मोठं घमेलं धरू. मग जाळ तुझी गादी."

"आणि आई?"

"आई काय? आई सुटेल यातून."

त्याचं बोलणं खरं तर मला पटायला हवं होतं. मी कापसाची नवी गादी करून घेतलीच होती, ती पडवीत गुंडाळून पडली होती. आईने मात्र त्या रात्री पेज अर्धी टाकली.

शुक्रवारी तो पांढरी टोपी घालून मशिदीत गेला आणि मी ठरवलं की त्याची बादली बिदली काही नको. तो यायच्या आत आईला नव्या गादीवर घ्यायचं, जुनी अंगणात ओढायची आणि काडी लावायची. पाठ रॉकेलने पुसायची. एकटीने आई उचलत नाही, म्हणून मी चाउसिकूला हाक मारली. ती तांदळाचे गोड वडे तळत होती, तव्याखालचा जाळ तसाच ठेवून हात पुसत आली.

"घे गं लवकर, माझे वडे करपतील," ती म्हणाली आणि आईकडे वळली. "बी तुनू, सलाम! काय टवटवीत दिसतेस, लग्नबिग्न ठरवलंस की काय?"

आई हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

आम्ही तिला कुशीवर केलं. पाठ खिडकीकडे आली आणि ऊन थेट पडलं. पंधरा दिवसांनी मी पहिल्यांदा नीट पाहिलं.

अंडी जखमेत नव्हती. जखम राहिलीच नव्हती. कमरेपासून खांद्यांपर्यंत सगळी पाठ बारीक दाण्यांनी भरली होती, प्रत्येक दाणा आपापल्या खळीत बसवलेला, रांगेत, दाटीने, आणि कातडी त्यांच्या कडेने जराशी वर आलेली.

"अगं, घामोळं हे," चाउसिकू डोळे बारीक करून म्हणाली. तिला सुईत दोराही ओवता येत नाही. "पावडर लाव. मला वाटलं काय झालंय! गादी बदलायची ना? थांब, एवढे वडे उतरवते आणि येते." आणि ती गेली.

घामोळं. मला ते इतकं हवं होतं की मी मोठ्याने म्हणून पाहिलं. मग घाम पुसायला हात वर केला आणि माझ्या हाताची सावली आईच्या पाठीवरून गेली. त्या सावलीबरोबर पाठीवरची सगळी सोनेरी कडी फिरली, डावीकडून उजवीकडे. हात थांबला तेव्हा ती माझ्याकडे वळून थांबली.

चट्, गादीतून आवाज आला.

७

"आई," मी म्हणाले. "दुखतं?"

"नाही." तिला प्रत्येक शब्दाला वेळ लागायचा. "हलतात."

"तुला माहीत होतं? केव्हापासून?"

"पहिल्या... महिन्यापासून."

"मग मला का नाही सांगितलंस? मी रोज दोनदा तुझी पाठ धुते!"

"तुला किळस... येते ना."

बाहेर मशिदीच्या भोंग्यावर खुतबा, नमाजेआधीचं प्रवचन, संपत आला होता, म्हणजे अर्धा तास उरला होता. मी नव्या गादीकडे पाहिलं. मी तिचे खांदे धरायला वाकले, पण पाठीला हात लावायची वेळ आली तेव्हा हात पुढे जाईना.

"सिवेमा. तो आज सगळी नेणार."

"नेऊ दे. नाहीतर मी जाळते. पीडा जाईल एकदाची."

"मग तो... कशाला येईल?"

"मी आहे ना!" मी ओरडलेच. "दोन वर्षं कोण आहे इथे? मी आहे ना तुझ्याजवळ?"

"तू तर आहेसच," आई म्हणाली. त्यात वाईट काही नव्हतं. ऊन पडलंय म्हणावं तितक्या सहज म्हणाली.

मी बाहेर पळाले आणि पडवीच्या पायरीवर ओकले. सकाळचा चहा, रात्रीचा भात, मग नुसतं पिवळं पाणी. पोटात काही उरलं नाही तरी उबळ थांबेना. ती किळस फक्त त्या पाठीची नव्हती. तिच्या त्या भुकेचीही होती, आणि माझीही. चाउसिकूच्या अंगणातून तळणीचा वास येत होता. मी तोंड पुसलं. काड्यांची पेटी माझ्या ओच्यात होती.

मग मी उठले. आत जाऊन पहिली बादली उचलली आणि परसातल्या कसाव्याच्या मुळाशी ओतली. दुसरीही नेली. तिच्या तळाशी बोटभर पाणी मुद्दाम ठेवलं आणि ते पत्र्याच्या मगात घेतलं. आई माझी प्रत्येक फेरी डोळ्यांनी मोजत होती.

"एकदम नको," ती म्हणाली. "थोडी निघू देत. बाकीची... राहू देत."

"किती ओतू?"

"चूळभर."

मी तिच्या गाऊनची कड वर केली, तोंड वळवलं आणि तो पत्र्याचा मग तिरका केला. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग गादीच्या आत आणि तिच्या पाठीवर एकाच वेळी बारीक खळबळ झाली. माझ्या मनगटावर काहीतरी गार आणि जिवंत घसरलं आणि खाली पडलं. आईने डोळे मिटून श्वास सोडला.

अंगणात नासोरोच्या चपला वाजल्या. तो चाउसिकूशी काहीतरी थट्टा करत होता, फार खुशीत होता.

"मला वळव," आई घाईने म्हणाली. "लवकर. पाठ दाराकडे कर."

मी केली.